नोंद यंत्राची, सही कोणाची?

मुक्त स्रोत सॉफ्टवेअर म्हणजे सर्वांसमोर उघडी ठेवलेली खतावणी. त्याची मूळ संहिता कोणीही वाचावी, तपासावी, सुधारावी. २०२१ साली गिटहब कोपायलट आले आणि संहिता लिहिण्याच्या साधनातच कृत्रिम बुद्धिमत्ता पुढील ओळी सुचवू लागली. कामाचा वेग वाढला. परंतु न वाचता स्वीकारलेल्या ओळीचे उत्तरदायित्व कोणाचे? जेंटू या लिनक्स प्रकल्पाने २०२४ मध्ये अशा साहाय्याने लिहिलेली संहिता स्वीकारणे नाकारले. झेड या साधनाने २०२५ मध्ये ही सुविधा पूर्णतः बंद ठेवण्याची मुभा दिली. आपल्या पेढीचा हिशेबही आज सॉफ्टवेअरवरच चालतो. ते घेताना अवश्य विचारावे, ‘ही संहिता कोणी तपासली?’ नोंद मुनिमाने केली तरी पेढीची पत मालकाच्या सहीवरच टिकते.