मागची आज्ञा पुन्हा देताना

शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्या शाळेच्या संगणकावर लिनक्स असेल, तर चित्रांवाचून नुसत्या अक्षरांनी काम करण्याची एक खिडकी त्यात सापडेल. तिथे आपण आज्ञा टाइप करायची, एंटरची कळ दाबायची, आणि ‘शेल’ नावाच्या गड्याने ती पार पाडायची. एक अक्षर चुकले की गडी अडला! मग सगळी ओळ पुन्हा टाइप करायची का? छे! वरच्या बाणाची कळ दाबा, मागची ओळ समोर हजर. आणखी दाबा, तिच्या मागची. आडव्या बाणांनी चुकल्या जागी जावे, अक्षर सुधारावे, एंटर दाबावे.

बरीच मागची आज्ञा हवी असेल तर बाण दाबून बोट दुखेल. तेव्हा कंट्रोल आणि आर या कळा एकदम दाबून आठवतील ती दोन अक्षरे टाइप करा. शेल मागे मागे शोधत जातो.

१९७० च्या दशकाअखेर बिल जॉय यांनी बर्कलीला ‘सी शेल’ लिहिला. त्यात दोन उद्गारचिन्हे दिली की मागची आज्ञा पुन्हा चाले. १९८९ साली आलेल्या ‘बॅश’मध्येही ही रीत आहे, पण नवख्याने तिच्यापासून दूरच राहावे. बाणाने ओळ आधी दिसते तरी. इथे एंटरसरशी काम सुरू!

आणि दिसली तरी वाचायला हवी. शेल शब्द लक्षात ठेवतो, जागा नाही. समजा, काल रद्दीच्या फोल्डरात असताना आपण ‘इथले सगळे पुसून टाक’ अशी आज्ञा दिलीत. आज आपण सातवीच्या गुणपत्रकांच्या फोल्डरात आहात. बाण दाबला, तीच ओळ आली, हात सवयीने एंटरवर गेला, की गुणपत्रके गेलीच. ही आज्ञा कचरापेटीतही काही ठेवत नाही. म्हणून आधी पी, डब्ल्यू, डी ही तीन अक्षरे छोट्या लिपीत टाइप करून एंटर दाबावे (बांधकाम खात्याशी संबंध नाही बरं का!), आपण कुठे आहोत ते शेल सांगतो. नको ती ओळ आलीच, तर कंट्रोल आणि सी दाबून सोडून द्यावी.

खिडकी बंद करताना या ओळी फाइलीत उतरतात. सगळे शिक्षक एकाच खात्यावर काम करीत असतील, तर तुमची ओळ दुसऱ्यालाही बाणाने दिसेल. तेव्हा परवलीचा शब्द आज्ञेच्या ओळीत कधी लिहू नका. संगणक विचारील तेव्हाच द्या. तो त्या यादीत जात नाही.