दृष्टिपटलातील कॅल्शियम-बंधक प्रथिने

दृष्टिपटलातील कॅल्शियम-बंधक प्रथिने ही सस्तन प्राण्यांच्या दृष्टिपटलातील (जालपटलातील) चेतापेशींमध्ये आढळणारी आणि कॅल्शियम आयनांना धरून ठेवणारी प्रथिने होत. कॅल्बिंडिन, कॅलरेटिनिन, पार्व्हाल्ब्युमिन, रिकव्हरिन व कॅल्मोड्युलिन ही त्यांतील प्रमुख आहेत. यांपैकी काही प्रथिने ठरावीक पेशींतच विपुल असल्यामुळे त्या पेशी ओळखण्याच्या खुणा म्हणूनही त्यांचा उपयोग केला जातो.

रचना

चेतापेशीच्या बाहेरील कॅल्शियमचे प्रमाण आतील मुक्त कॅल्शियमच्या सुमारे दहा हजार पट असते. त्यामुळे थोडे कॅल्शियम आत शिरले तरी पेशीला त्याचा संदेश मिळतो. हे आयन पकडणाऱ्या घडीला 'ईएफ-हस्त' म्हणतात. क्रेट्सिंगर व नॉकोल्ड्स यांनी १९७३ मध्ये कार्प माशाच्या पार्व्हाल्ब्युमिनवरून तिचे वर्णन केले. कॅल्बिंडिनमध्ये अशा सहा घड्या असून त्यांपैकी चार कॅल्शियम बांधतात. पार्व्हाल्ब्युमिनमध्ये तीन असून दोन कार्यक्षम असतात.

कार्यानुसार या प्रथिनांचे दोन गट केले जातात. पार्व्हाल्ब्युमिनसारखी 'साठवण' प्रथिने जादा कॅल्शियम शोषून घेतात. कॅल्मोड्युलिन व रिकव्हरिन ही 'संवेदक' प्रथिने कॅल्शियम बांधल्यावर आकार बदलतात आणि इतर प्रथिनांचे कार्य नियंत्रित करतात. कॅल्बिंडिन व कॅलरेटिनिन मुख्यतः पहिल्या गटात धरली जातात.

प्रकाशग्राही पेशींतील कार्य

अंधारात शलाका व शंकू पेशींमधील आयनमार्ग उघडे असतात व त्यांतून कॅल्शियम आत येत राहते. प्रकाश पडताच चक्रीय जीएमपी घटते व हे मार्ग बंद होतात, पण कॅल्शियम बाहेर टाकण्याची क्रिया चालू राहते. परिणामी पेशीतील कॅल्शियम घटते. ही घट ग्वानिलेट सायक्लेजला चालना देणाऱ्या संवेदक प्रथिनांना कार्यान्वित करते. चक्रीय जीएमपी पुन्हा तयार होते आणि पेशी पूर्वस्थितीला येते. कॅल्शियम बांधलेले रिकव्हरिन ऱ्होडोप्सिन कायनेजला रोखून धरते. कॅल्शियम घटल्यावर हे विकर मोकळे होते व उत्तेजित ऱ्होडोप्सिन शमवण्यास मदत करते. डोळा प्रखर उजेडाशी जुळवून घेतो, त्यामागे ही यंत्रणा असते.

पेशींनुसार आढळ

अनेक सस्तन प्राण्यांत क्षैतिज पेशींमध्ये कॅल्बिंडिन आढळते. रिकव्हरिन प्रकाशग्राही पेशींबरोबर काही द्विध्रुवी पेशींतही असते. उंदराच्या दृष्टिपटलात कॅलरेटिनिनचे रंजन केल्यास आतील जालस्तरात तीन समांतर पट्टे दिसतात. त्यांपैकी दोन कोलिनधर्मी अमॅक्राइन पेशींच्या शाखांशी जुळतात. म्हणून स्तरांची खोली मोजताना या पट्ट्यांचा आधार घेतला जातो.

मानवात मध्यगर्तिकेबाहेरील शंकू पेशींत कॅल्बिंडिन असते, परंतु सर्वांत तीक्ष्ण दृष्टी देणाऱ्या मध्यगर्तिकेतील शंकू पेशींत ते नसते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील टी. सी. नाग व शशी वाधवा यांनी विकसनशील व प्रौढ मानवी दृष्टिपटलातील कॅल्बिंडिन आणि पार्व्हाल्ब्युमिन यांचा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध केला.

खूण म्हणून मर्यादा

एका प्राण्यातील खूण दुसऱ्यात लागू पडेलच असे नाही. घुशीच्या कुळातील प्रयोगशाळेतील रॅटमध्ये पार्व्हाल्ब्युमिन एआयआय अमॅक्राइन पेशी दर्शवते, तर उंदरात ते प्रामुख्याने गुच्छिका पेशींत आढळते. तसेच प्रथिनाची उपस्थिती म्हणजे त्याच्या अपरिहार्यतेचा पुरावा नव्हे. कॅल्बिंडिनचे जनुक निष्क्रिय केलेल्या उंदरांचे दृष्टिपटल १९९८ मध्ये तपासले असता त्याची रचना सर्वसाधारण असल्याचे आढळले. इतर कॅल्शियम-बंधक प्रथिनांनी त्याची जागा घेतल्याचेही दिसले नाही.

संबंधित विकार

जीयूसीए१ए जनुकातील काही उत्परिवर्तनांमुळे संवेदक प्रथिन कॅल्शियम जास्त असतानाही कार्यरत राहते आणि शंकू पेशींचा ऱ्हास होतो. सीएबीपी४ जनुकातील दोषांमुळे प्रकाशग्राही पेशींकडून पुढे जाणारा संदेश दुर्बल होऊन जन्मजात दृष्टिदोष उद्भवतो. फुप्फुसाच्या लघुपेशी कर्करोगात काही रुग्णांच्या शरीरात रिकव्हरिनविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात व दृष्टी खालावते. अशा रुग्णांत दृष्टिदोष कर्करोगाच्या निदानापूर्वीही दिसू शकतो. त्यामुळे अस्पष्ट कारणाने झपाट्याने दृष्टी जात असल्यास या प्रतिपिंडांची तपासणी निदानास साहाय्यक ठरते.