खिशातल्या रोबोचं दशक

ट्रान्सफॉर्मर्सच्या छोट्या पुतळ्यांचा नवा संच हातात घेतला की सुरुवातीला त्याचं कौतुकच करावंसं वाटतं. शांघायच्या ब्लोकीज या कंपनीची ही मालिका. आत कोण आहे हे न सांगणारा बंद डबा, डब्यात आधीच रंगवलेले सुटे भाग. गोंद लागत नाही, हत्यार लागत नाही. सांगाड्यावर एकेक भाग दाबून बसवत गेलं की अर्ध्या वितीचा रोबो उभा राहतो. कोपर वळतं, गुडघा दुमडतो, घोटा तिरका होतो. एवढ्याशा चेहऱ्यावर डोळ्यांचा रंगही जागच्या जागी असतो. मग त्यांतल्या ऑप्टिमस प्राइम या रोबोचा नेहमीप्रमाणे ट्रक करायला जावं, तर तो होत नाही. त्यासाठी तो बनवलेलाच नाही. छातीवरच्या ट्रकच्या काचा निव्वळ शोभेच्या आहेत.

हा धंदा कोपऱ्यातला राहिलेला नाही. कंपनी १० जानेवारी २०२५ रोजी हाँगकाँगच्या शेअर बाजारात दाखल झाली. मुळात जपानी असलेला छोटा रोबो यापुढे बहुतेकांच्या हाती असाच येणार, हे आता उघड आहे. २०२४ मध्ये ट्रान्सफॉर्मर्सला चाळीस वर्षं झाली, आणि चाळिशी गाठता गाठता या खेळण्याचा जो मूळ गुण, रूप बदलणं, तोच सगळ्यात आधी गळून पडला. जुन्या संग्राहकांना हे झोंबलं असेल तर त्यात त्यांचं काही चुकत नाही.

जपानी रोबो खेळण्यांचा इतिहास सांगायला बसलं की रिवाजाप्रमाणे युद्धानंतरच्या पत्र्याच्या रोबोंपासून सुरुवात होते. ते देखणे होते, निर्यातीने जपानला डॉलर मिळवून देत होते, आज लिलावात त्यांना मोठी बोली लागते. पण किल्ली दिल्यावर चार पावलं चालणं यापलीकडे मुलाच्या हाताला त्यांनी काही काम दिलं नाही. १९६३ मध्ये चित्रकथाकार तेझुकांचा ‘आतोम’ हा रोबो मुलगा टीव्हीवर आला. १९७२ च्या डिसेंबरात गो नागाई यांचा मॅझिंगर झेड आला आणि माणसाने आत बसून चालवायचा महाकाय रोबो घराघरात पोहोचला. पोपी या बंदाईच्या उपकंपनीने आधी त्याचा साठ सेंटिमीटरचा प्लास्टिकचा पुतळा काढला, मग १९७४ मध्ये तळहातावर मावणारा, ओतीव धातूचा ‘चोगोकिन’. वजनदार, थंडगार, चकचकीत. संग्राहकांच्या पुस्तकांत या काळाची पानंच्या पानं भरलेली असतात. मात्र स्प्रिंगवर मूठ उडवून झाली की तो रोबो फळीवर उभाच राहायचा.

खरी मजा पुढे आहे, १९८० पासून.

त्याच्या आदल्या वर्षी ७ एप्रिलला नागोयाच्या वाहिनीवर ‘गंडाम’ ही रोबोंची कार्टून मालिका सुरू झाली होती. प्रायोजक क्लोव्हर ही खेळणी बनवणारी कंपनी. तिला लहान मुलांना भडक रंगांचे रोबो विकायचे होते. मालिका मात्र घाबरलेल्या, थकलेल्या पोरसवदा सैनिकांची होती. खेळणी खपेनात, तेव्हा ४३ भागांत ती आवरती घेतली गेली. त्यानंतर जुलै १९८० मध्ये बंदाईने गंडामचा १/१४४ प्रमाणातला, स्वतः जोडायचा संच बाजारात आणला. उंची साडेबारा सेंटिमीटर, किंमत ३०० येन. शाळकरी मुलाने थोडा हात आखडता घेतला तर परवडेल अशी ही किंमत होती. मागणी इतकी वाढली की जानेवारी १९८२ मध्ये चिबा प्रांतातल्या एका दुकानात संच घ्यायला धावलेली मुलं सरकत्या जिन्यावर एकमेकांवर कोसळली आणि जखमी झाली. क्लोव्हर १९८३ मध्ये दिवाळखोरीत गेली. ज्या रोबोवर तिने पैसे लावले होते, त्याचं पीक दुसऱ्याने नेलं.

गंडाम बांधण्याची गोष्ट होती. उलगडण्याची गोष्ट ताकारा या खेळण्यांच्या कंपनीने आणली, आणि तिची वंशावळ फार रंजक आहे. १९७० च्या सुमारास ताकाराने अमेरिकन जी. आय. जो हा बाहुला जपानात आणला. त्याच्याच अंगकाठीवरून १९७२ मध्ये पारदर्शक शरीराचा ‘हेन्शिन सायबॉर्ग’ झाला. तो महाग पडायला लागला तेव्हा त्याला आकसून १९७४ मध्ये दहाएक सेंटिमीटरचा ‘मायक्रोमॅन’ झाला. १९८० मध्ये त्याच घरातून ‘डायाक्लोन’ निघालं. त्यातले चालक जेमतेम तीन सेंटिमीटरचे, तळपायात लोहचुंबक असलेले. लॅम्बोर्गिनी, पोर्शे, फेअरलेडी झेड अशा खऱ्या मोटारींच्या प्रतिकृती. दार उघडायचं, चालकाला आत बसवायचं, मग मोटारीचा रोबो करायचा.

१९८३ चा ‘मायक्रो चेंज’ याहून हुशार. यातली कल्पना अशी की रोबो घरातल्याच वस्तूंच्या रूपात दडलेले आहेत, आणि त्या वस्तू खऱ्या मापाच्या आहेत: सूक्ष्मदर्शक, कॅमेरा, पिस्तूल, कॅसेट प्लेअर. पुढे बम्बलबी म्हणून जगभर गाजलेली ती बुटकी, फुगीर बीटल गाडीसुद्धा खऱ्या मोटारीची छोटी प्रतिकृती नव्हतीच. ती खऱ्या मापाची खेळण्यातली गाडी होती. म्हणून तिचा आकार तसा.

कॅसेट प्लेअरजवळ जरा थांबायला हवं, कारण या दशकातली सगळी अक्कल त्या एका खेळण्यात एकवटली आहे. ट्रान्सफॉर्मर्समध्ये तो साउंडवेव्ह झाला. निळा, चौकोनी, समोर पारदर्शक झडप. बाजूचं ‘इजेक्ट’ बटण दाबलं की स्प्रिंगवर झडप उघडते आणि आत मायक्रोकॅसेटच्या मापाची कॅसेट दिसते. ती बाहेर काढून तिच्या घड्या सोडवायच्या. विडा उलगडावा तसे आधी पाय खाली येतात, मग कडेचे हात सुटतात, डोकं वर येतं, आणि काही मिलिमीटर जाडीच्या पट्टीतून एक माणूस उभा राहतो. दुसऱ्या कॅसेटचा पक्षी होतो. आणि रोबोची शस्त्रं कुठे ठेवायची? प्लेअरच्या पाठीला सेल घालायची जागा आहे. शस्त्रं दुमडली की त्यांचेच सेल होतात आणि झाकणाआड जाऊन बसतात. एकही भाग उरत नाही, एकही हरवायला बाहेर राहत नाही. हे कागदावर आखणाऱ्या माणसाने मुलांच्या बुद्धीचा किती मान राखला होता, ते हातात घेतल्यावरच कळतं.

त्या माणसांची नावं बरीच वर्षं चाहत्यांनाही ठाऊक नव्हती, ही या इतिहासातली मोठी खंत. ताकाराचे कोजिन ओनो आणि हिदेआकी योके. त्यांच्याबरोबर डायाक्लोनसाठी काम केलेले शोजी कावामोरी, जे लेगोच्या विटा जोडून रूपांतराचे कच्चे नमुने करत आणि ज्यांनी १९८२ च्या ‘मॅक्रॉस’ या मालिकेसाठी लढाऊ विमानाचा रोबो घडवला. ते विमान ताकातोकू या कंपनीने फार सुरेख बनवलं. कंपनी १९८४ मध्ये बुडाली. पुढे त्याच साच्यातून निघालेलं विमान अमेरिकेत ट्रान्सफॉर्मर्सच्या डब्यातून ‘जेटफायर’ या नावाने खपलं. अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीने १९८४ मध्ये डायाक्लोन आणि मायक्रो चेंजचे रोबो ट्रान्सफॉर्मर्स या एका छत्राखाली आणले, मार्व्हलचे संपादक बॉब बुडियान्स्की यांनी बहुतेकांना नावं आणि स्वभाव दिले. रोबो आता यंत्र राहिला नाही, जिवंत पात्र झाला. कथेसाठी ते उत्तमच झालं. पण छोट्या चालकांची गच्छंती झाली. दार उघडणाऱ्या मोटारी आणि त्यांतल्या रिकाम्या आसनांमागचं कारण अमेरिकन मुलांना कुणी सांगितलं नाही.

आणखी एक अन्याय दुरुस्त करायला हवा. गोबॉट्स म्हणजे ट्रान्सफॉर्मर्सची स्वस्तातली नक्कल, हे वाक्य चाळीस वर्षं न तपासता फिरतं आहे. गोबॉट्सचं मूळ असलेली ‘मशीन रोबो’ मालिका पोपीने १९८२ मध्येच जपानात काढली होती. ट्रान्सफॉर्मर्सचं नावही तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हतं. किंमत ६०० येन, म्हणून ती ‘६०० मालिका’. सहा-सात सेंटिमीटरचे हे रोबो खऱ्या अर्थाने खिशातले होते: मोटारसायकल, लढाऊ विमान, मोटार, काही भाग धातूचे, दोन-तीन हालचालींत रूप बदलणारे. अमेरिकेत टोंका या कंपनीने त्यांच्यावर चढवलेली कार्टून मालिका फिकी होती, हे खरं. १९९१ मध्ये हॅस्ब्रोने टोंका विकत घेतली आणि हरलेल्याचा इतिहास जिंकणाऱ्याच्या हाती गेला. पण दोष कार्टूनचा, खेळण्याचा नव्हे. आजही तो मोटारसायकलवाला रोबो हातात घेऊन दोनदा उलटसुलट केला की नकलेचा आरोप टिकत नाही.

हे दशक मुंबई-पुण्यातल्या मुलांनी दुरून, पण मनापासून अनुभवलं. दूरदर्शनवर ‘जायंट रोबो’ लागायचा, हातातल्या घड्याळात बोलून महाकाय रोबोला हुकूम सोडणारा मुलगा बघून कितीतरी मनगटं तोंडापाशी गेली. मालिका जपानात १९६७ मधली. इथे ती नवीकोरीच होती. खेळणी मात्र दुकानात मिळत नव्हती. परदेशी खेळण्यांच्या आयातीवर निर्बंध होते, आयातीवरच्या संख्यात्मक निर्बंधांचा शेवटचा गठ्ठा उठला तो १ एप्रिल २००१ रोजी. तोवर आखातातून येणारा मामा, बोटीवरचा काका, नाहीतर क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासचा ‘फॉरेनचा माल’ हेच रस्ते. एका वाड्यात, एका चाळीत असा एखादाच रोबो असायचा आणि तो ज्याचा असेल त्याच्या खालोखाल इतर सगळ्यांचा असायचा. रांगेने हातात घ्यायचा, न बघता मोटार करून दाखवायची, पुढच्याकडे द्यायचा. पुढे एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांच्या भागीदारीतून उभ्या राहिलेल्या फनस्कूलने गोव्यात, कोरलीमच्या कारखान्यात जी. आय. जोचे छोटे सैनिक बनवले. म्हणजे ज्या बाहुल्यापासून ताकाराची वंशावळ सुरू झाली, त्याची धाकटी पाती गोव्यात तयार होत होती. जगभरचे संग्राहक ते गोव्याचे सैनिक आज शोधत फिरतात.

नंतरच्या पंचवीस वर्षांत पुष्कळ घडलं, त्यातलं फार थोडं मनात राहतं. १९९७ पासून बंदाईने जुने चोगोकिन पिकल्या केसांच्या गिऱ्हाइकांसाठी नव्याने काढले. १९९९ मध्ये फुरुताच्या चॉकलेटच्या अंड्यांत कायोदो या पुतळे बनवणाऱ्या कंपनीने घडवलेले इवले प्राणी आले आणि मोठ्या माणसांनी खोकेच्या खोके उचलले. आत काय निघेल याची हुरहूर विकता येते, हे सगळ्या धंद्याला तेव्हा उमगलं. मार्च २००६ मध्ये ताकारा आणि टोमी एक झाल्या. ट्रान्सफॉर्मर्सचे सिनेमे आले. २०१० पासून बंदाईची ‘गंडाम कन्व्हर्ज’ ही गोळीसोबत मिळणाऱ्या बुटक्या पुतळ्यांची मालिका सुरू आहे, रंगकाम अप्रतिम, करायचं काही नाही. टोकियोच्या इकेबुकुरोत २०२१ पासून एका दालनात तीन हजारांहून जास्त कॅप्सूल यंत्रं ओळीने उभी आहेत. नाणं घाला, कळ फिरवा, जे निघेल ते घ्या.

तक्रार संग्रहाविषयी नाही. तक्रार ही आहे की छोटा रोबो आता बहुतेक दोन ठिकाणीच उरला आहे. एकीकडे न बदलणारे, बंद डब्यातले पुतळे. दुसरीकडे जे बदलतात ते आगाऊ नोंदणी करून, हजारो येन मोजून घ्यायचे. २०१६ मध्ये ताकारा टोमीने डायाक्लोनला पुन्हा जिवंत केलं. चुंबकाच्या पायांचे चालक परत आले, आणि तेवढ्याशा अंगात त्यांना सांधेसुद्धा दिले. काम विलक्षण आहे. २०२४ पासूनची ‘मिसिंग लिंक’ मालिका जुन्या ट्रान्सफॉर्मर्सना तसेच ठेवून त्यांचे हातपाय मोकळे करते, तेही विलक्षण. दोन्ही वयाने वाढलेल्यांसाठी आहेत. ज्या वयात साउंडवेव्हची झडप उघडल्यावर डोळे विस्फारतात, त्या वयाच्या खिशाचा विचार त्यात नाही.

महाराष्ट्रातल्या संग्राहकांची वाट तर आणखी बिकट. खेळण्यांवरचं आयातशुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेलं आणि २०२३ मध्ये ७० वर. १ जानेवारी २०२१ पासून बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण सक्तीची झाली. मुलांच्या सुरक्षेसाठी नियम हवेतच. पण देशी उद्योगाला बळ द्यायचं म्हणून ही भिंत उभारली असेल, तर तिच्या आडोशाला रूप बदलणारा, खिशात मावणारा, चांगल्या साच्यातला रोबो इथे कुणी बनवायला घेतल्याचं अजून दुकानांत दिसत नाही.

मुलाच्या खिशाला झेपेल एवढ्या पैशांत रूपांतराची यंत्रणा बसवणं आता परवडत नाही, असं उत्तर हटकून मिळतं. ओकायामाची काबाया ही गोळ्या-बिस्किटांची कंपनी हे उत्तर खोटं पाडते. च्युइंगगमच्या डब्यात ती ट्रान्सफॉर्मर्सचे सुटे भाग देते. ते साच्यातून तोडून जोडायचे, काही चिकटचित्रं लावायची, की तळहाताएवढा रोबो तयार होतो आणि त्याची मोटारही होते. ऐंशीच्या दशकात तिने हे केलं, अलीकडच्या वर्षांतही पुन्हा केलं. रंग कमी आहेत, सांधे थोडे सैल आहेत, ब्लोकीजच्या पुतळ्याशेजारी ठेवला तर तो साधाच दिसतो. आणि तरी दोन्ही टेबलावर ठेवून आठ वर्षांच्या मुलाला बोलावलं, तर त्याने काबायाचाच उचलावा आणि मोटार होईपर्यंत खाली ठेवू नये, याची सगळी तजवीज त्याच्या बिजागऱ्यांत आहे.