खेळातून उपचार : पालकांनी काय समजून घ्यावे



आपल्या वसतिगृहात दर शनिवारी समुपदेशक ताई येतात आणि काही मुलांना एकेक करून खेळाच्या खोलीत नेतात, हे मागील अंकात वाचून काहींनी विचारले, "खेळायला ताई कशाला हव्यात?" आमचे पालकही हेच विचारतात. म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

मोठी माणसे दुःख बोलून दाखवतात. सहा-सात वर्षांच्या मुलाजवळ त्यासाठी शब्दच नसतात. त्यातून धडगाव-अक्कलकुव्याकडच्या आमच्या मुलांची घरची भाषा पावरी किंवा भिली, आणि समजूत घालणारे बहुतेक सगळे मराठी बोलणारे. खेळाला ही अडचण येत नाही. अमेरिकेतील व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांनी १९४७ साली आपल्या पुस्तकात ही पद्धत मांडली. मुलाला आहे तसे स्वीकारायचे, काय खेळायचे ते त्यालाच ठरवू द्यायचे, घाई करायची नाही. मर्यादा मोजक्याच, पण त्या पक्क्या. साधारण तीन ते बारा वर्षांच्या मुलांना याचा उपयोग होतो.

आईवडिलांच्या परवानगीने, ओळखीचे तपशील बदलून, एका मुलाविषयी सांगते. दिवाळीनंतर त्याचे आईवडील 'कोयता' म्हणून ऊसतोडीला गुजरातेत गेले. तो जेवेना, अंथरूण ओले करू लागला, दुसऱ्या मुलांना चावू लागला. आधी दवाखान्यात तपासून घेतले, कारण अशा तक्रारींमागे शारीरिक आजारही असू शकतो. खेळाच्या खोलीत त्याने ओळीने पाच शनिवार एकच खेळ केला : ट्रकमध्ये माणसे भरायची आणि ट्रक वाळूत पुरायचा. "आई येईल हं" असे ताई म्हणाल्या नाहीत. "सगळे गेले. एक जण मागे राहिला," एवढेच म्हणाल्या. सहाव्या शनिवारी मागे राहिलेल्या बाहुलीजवळ त्याने एक कोंबडी आणून ठेवली. अंथरूण ओले होणे आता कमी झाले आहे. घरून फोन आला की मात्र अजून रडतो.

होळीला वडील आले. "नुसता खेळतोय तर माझ्याबरोबर फडावर येऊ दे," म्हणाले. राग येण्यासारखे त्यात काही नव्हते. पोराला जवळ ठेवावे असे त्यांनाही वाटत होते. ताईंनी त्यांना सांगितले, न्यायचेच असेल तर निदान निरोपाच्या दोन-तीन भेटी होऊ द्या. मध्येच उठवून नेले तर त्याला ते आणखी एक सोडून जाणेच वाटेल. वडिलांनी खोली पाहिली, ट्रक हातात घेऊन पाहिला. होळी करून ते एकटेच परत गेले.

खोलीतून बाहेर आल्यावर "आज काय खेळलास?" असे खोदून विचारू नये. चांगले वागलास तर खेळायला पाठवीन, असेही म्हणू नये. सुरुवातीला राग वाढल्यासारखा दिसू शकतो. चार-सहा आठवड्यांत उपचार सोडू नयेत. खोलीतले सारे काही ताई पालकांना सांगत नाहीत. पण मुलाला कोणी इजा करत असेल तर गप्प राहता येत नाही. लैंगिक अत्याचाराची खबर देणे २०१२ च्या कायद्याने बंधनकारक आहे. मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

प्रार्थना पुरेशी नाही का, असेही एका भगिनीने विचारले. आम्ही प्रार्थना करतोच. पण जखऱ्याच्या आठव्या अध्यायात देव यरुशलेम पुन्हा वसवतो, तेव्हा तिथले रस्ते खेळणाऱ्या मुलामुलींनी भरलेले दिसतात, हेही मला आठवते.

घरीही आठवड्यातून अर्धा तास देता येईल. बर्नार्ड आणि लुईस गर्नी यांनी १९६० च्या दशकात पालकांनाच अशा खेळाचे शिक्षण देण्यास सुरुवात केली. फोन बाजूला ठेवून अंगणात बसावे, मूल सांगेल ते करावे, शिकवू नये. हे शेवटचे सर्वांत अवघड, निदान आम्हा शिक्षकमंडळींना.

खेळणी पाठवू इच्छिणाऱ्यांना एक विनंती. बॅटरीवर आपोआप चालणारी नकोत. माणसे, गुरे, कोंबड्या, भांडी, ट्रक हवेत. आणि बाहुल्या शक्यतो सावळ्या पाहाव्यात. सोनेरी केसांच्या आमच्याकडे सात आहेत, आणि मुले त्यांना 'मॅडम' म्हणतात.