गुडघ्यातील जमाखर्च

शिरपूर येथे अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनास येणाऱ्या अनेक ज्येष्ठांना आता मांडी घालून बसणे जमत नाही. वाशिम, मालेगाव, रिसोड परिसरात सोयाबीनचे निंदण आणि सोंगणी उकिडवे बसून करणाऱ्या स्त्रियांचेही दुखणे तेच. ‘गुडघ्यातले वंगण संपले’ अशी समजूत करून घेऊन पुष्कळ जण चालणेच सोडतात. १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा यांनी पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे सुरू केलेल्या पाहणीतही ग्रामीण भागात सांधेदुखी किती रुजली आहे, हे दिसून आले.

परंतु गुडघा म्हणजे बैलगाडीचे चाक नव्हे. हाडांच्या टोकांवरील कूर्चा सजीव असते. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, मज्जातंतूही नसतात. कोलॅजनचे जाळे आणि पाणी धरून ठेवणारे अ‍ॅग्रेकन यांच्यात मोजक्या पेशी विखुरलेल्या असतात. जुने मोडणे व नवे घडविणे हे त्यांचे काम. निरोगी सांध्यात हा जमाखर्च जुळलेला असतो.

सांध्याच्या आतील आवरणास सूज आली की तेथून इंटरल्यूकिन-१, टीएनएफ असे रासायनिक निरोप सुटतात. ते मिळताच कूर्चापेशी बांधकाम आवरते घेते आणि कोलॅजन व अ‍ॅग्रेकन तोडणारी विकरे सोडू लागते. तुटलेले कण आवरणास पुन्हा चिथावतात, सूज वाढते आणि खर्च जमेपेक्षा अधिक होतो.

आमवातात टीएनएफ रोखणारी औषधे १९९८ पासून उपलब्ध असून अनेक रुग्णांना त्यांचा आधार झाला. उतारवयातील झिजेत मात्र त्यांना तसे यश आलेले नाही. वाशिम-रिसोडच्या बाजारात येणाऱ्या हळदीतील कुर्क्युमिन प्रयोगशाळेत हे निरोप दाबते. परंतु खाल्लेल्या हळदीतून ते रक्तात फारच थोडे उतरते. तेव्हा केवळ हळदीवर विसंबून उपचार टाळू नयेत.

उपाय बराचसा घरातच आहे. कूर्चेचे पोषण सांध्यातील द्रवातून होते आणि हालचालीने तो द्रव तिच्यात खेळता राहतो. चालणे सोडले की हे पोषण मंदावते. शरीरातील जादा चरबीही सूज वाढविणारे निरोप धाडते. स्थूल व्यक्तीचे वजन एक किलोने घटले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो. ऊनोदराची, म्हणजे भुकेपेक्षा दोन घास कमी खाण्याची सवय येथे उपयोगी पडते. सकाळचा ताठरपणा तासाहून अधिक टिकत असेल किंवा अनेक सांधे सुजत असतील, तर तज्ज्ञांना विनाविलंब दाखवावे. सामायिकासाठी खुर्ची घ्यावी लागली तरी संकोच नको. झेपेल तेवढे रोजचे चालणे मात्र सोडू नये.