हिरव्या रंगामागचा कस

मंडईत पालकाच्या दोन जुड्या शेजारी मांडलेल्या असल्या, तर गृहिणीचा हात बहुधा गडद हिरव्या, रुंद पानांच्या जुडीकडे वळतो. फिकट आणि लहान पानांची जुडी मागे राहते. सोन्याची पारख झळाळीवरून नव्हे, कसोटीवर करावी, हे व्यापारी घराण्यांना वेगळे सांगावे लागत नाही. पालेभाजीच्या बाबतीत मात्र झळाळीलाच कस मानले जाते. कंदमुळे वर्ज्य असलेल्या घरांत पालेभाजीवर पोषणाचा मोठा भार असतो. म्हणून या रंगाचा अर्थ नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

पानाचा हिरवेपणा हरितद्रव्यामुळे येतो. हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूत मॅग्नेशियमचा एक अणू मध्यभागी असून त्याभोवती नत्राचे चार अणू असतात. नत्र अपुरे पडले की पाने पिवळसर होतात आणि ते मिळाले की थोड्याच दिवसांत हिरवीगार दिसू लागतात. युरियामध्ये 46 टक्के नत्र असते. पालकाची पहिली कापणी पेरणीनंतर साधारण महिन्याभराने होते; त्यानंतर त्याच वाफ्यातून आणखी कापण्या घेतल्या जातात आणि दर कापणीनंतर नत्राचे वरखत दिले जाते. बाजारात गडद जुडीला गिऱ्हाईक लवकर मिळत असल्याने एक मूठ अधिक टाकण्याचा मोह शेतकऱ्याला होणे स्वाभाविक आहे.

गडद रंग सर्वस्वी खोटी साक्ष देतो, असे नव्हे. योग्य प्रमाणात दिलेल्या नत्राने पानातील प्रथिने वाढतात. हरितद्रव्याच्या सोबतीने राहणारी बीटा-कॅरोटिन व ल्युटिन ही पिवळी-नारिंगी रंगद्रव्येही वाढतात. हिरव्या रंगाखाली ती झाकलेली असतात, इतकेच. बीटा-कॅरोटिनपासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करते, तर ल्युटिन डोळ्यांच्या दृष्टिपटलात साठते. परंतु एका मर्यादेनंतर खत वाढवूनही हा लाभ वाढत नाही. हानी मात्र वाढत जाते.

पहिली हानी क जीवनसत्त्वाची. वनस्पती ते शर्करेपासून घडवते. नत्र मुबलक झाले की शर्करा प्रथिनांच्या व नव्या पानांच्या उभारणीत खर्ची पडते. पाने मोठी व पाणीदार होतात, दाट वाढीमुळे खालच्या पानांना ऊन कमी मिळते आणि क जीवनसत्त्वाचे प्रमाण घटते. शाकाहारी कुटुंबाला हा तोटा दुहेरी आहे. कारण वनस्पतीजन्य लोह शरीरात शोषले जाण्यास क जीवनसत्त्वाचेच साहाय्य होते. त्यामुळे लोहासाठी आणलेली भाजी अपेक्षित तेवढे लोह पदरात टाकीलच, असे नाही.

दुसरा प्रश्न नायट्रेटचा. मुळांनी शोषलेल्या नायट्रेटचे प्रथिनात रूपांतर होण्यासाठी सूर्यप्रकाशाची ऊर्जा लागते. खत जास्त आणि ऊन कमी असेल, तर नायट्रेट तसेच साठून राहते. पानाच्या पात्यापेक्षा देठात अधिक. जागतिक तज्ज्ञ समितीने नायट्रेटचे स्वीकार्य दैनिक प्रमाण शरीराच्या दर किलो वजनामागे 3.7 मिलिग्रॅमपर्यंत मानले आहे. म्हणजे 50 किलो वजनाच्या व्यक्तीस 185 मिलिग्रॅम. एक किलो पालकात 2000 मिलिग्रॅम नायट्रेट असेल, तर 100 ग्रॅम भाजीतच 200 मिलिग्रॅम येते. युरोपीय संघाने ताज्या पालकासाठी किलोमागे 3500 आणि बालकांच्या तयार आहारासाठी 200 मिलिग्रॅम अशी कमाल मर्यादा ठरवली आहे.

या आकड्यांनी घाबरून पालेभाजी सोडण्याचे कारण नाही. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2008 मध्ये या प्रश्नाचा आढावा घेऊन भाज्यांचे लाभ नायट्रेटच्या जोखमीपेक्षा अधिक असल्याचाच निष्कर्ष काढला. काळजी घ्यायची ती तान्ह्या बाळांची. नायट्रेटपासून नायट्राइट बनले, तर त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटू शकते. शिजवलेली भाजी बराच वेळ उघड्या हवेत राहिली, तर जिवाणू हेच रूपांतर घडवून आणतात. शिळे न खाण्याचा जुना दंडक पालेभाजीच्या बाबतीत म्हणूनच विशेष उपयोगाचा आहे.

स्वयंपाकघरात करण्यासारखे पुष्कळ आहे. लहान मुलांसाठी भाजी करताना जाड देठ काढून टाकावेत. पालक उकडून पाणी ओतून दिल्यास नायट्रेट कमी होते, पण त्याबरोबर क जीवनसत्त्वही जाते. म्हणून मोठ्यांसाठी अल्प पाण्यात, थोडाच वेळ शिजवणे बरे. थोड्या तुपाची वा तेलाची फोडणी बीटा-कॅरोटिन व ल्युटिन शोषले जाण्यास मदत करते. वाढताना लिंबू पिळल्यास क जीवनसत्त्वाची उणीव काही अंशी भरून निघते. शक्य असेल तेव्हा दिवसभराचे ऊन घेऊन सायंकाळी कापलेली भाजी निवडावी. तिच्यात नायट्रेट तुलनेने कमी असते.

मात्र खताची मूठ अखेर गिऱ्हाइकाच्या नजरेवरच ठरते. ओळखीच्या भाजीवाल्याला खत किती व केव्हा दिले हे विचारणारे, आणि मध्यम हिरव्या, आटोपशीर पानांच्या जुडीलाही तोच भाव देणारे गिऱ्हाईक मिळाले, तर शेतकऱ्याला ती जास्तीची मूठ टाकण्याचे कारण उरणार नाही.