मौजे वळ आणि पुराचा हिशेब

भिवंडी तालुक्यातील मौजे वळ, राहनाळ, पूर्णा या गावांच्या शिवारात भातखाचरांची जागा आता गोदामांनी घेतली आहे, आणि त्यांच्याकडे निघालेल्या मालमोटारी मानकोली नाक्यावर ज्या जातीच्या समीकरणाने खोळंबतात, त्याच जातीच्या समीकरणाने नदीतील पूरही चालतो. 1955 साली लाइटहिल आणि व्हिटॅम या ब्रिटिश गणितज्ञांनी रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात दोन जोडनिबंध लिहिले, पहिला लांब नद्यांतील पुरावर, दुसरा गर्दीच्या रस्त्यांवरील वाहतुकीवर. भेद एवढाच, की दाट खोळंब्याची लाट वाहनांच्या उलट, मागे सरकते, तर पुराची लाट पाण्याच्याही पुढे, सुमारे दीड ते पावणेदोनपट वेगाने धावते.

नदीला उपनद्या मिळाल्या की हिशेब अवघड होतो. उल्हास नदीला वाटेत बारवी मिळते, कल्याणनजीक भातसेचे पाणी घेऊन काळू मिळते. येथे दोन्ही पुरांच्या माथ्यांची नुसती बेरीज करणे ही ढोबळ चूक ठरते, कारण बेरीज करावयाची ती एकाच घटकेच्या विसर्गांची. 1930 च्या दशकात अमेरिकेतील मस्किंगम नदीसाठी बसविलेल्या रीतीत प्रत्येक टप्प्याला दोनच आकडे लागतात : लाटेला तो ओलांडण्यास लागणारा काळ, आणि ती कितपत चपटी होते हे दाखविणारा, शून्य ते अर्धा यांमधील भारांक. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर ही रीत आजही निभावते, याचे मला नवल वाटते.

वळच्या बाजूला मात्र ती लंगडी पडते. वरून खाली येणारा पूर तिला कळतो. वसईकडून सुमारे साडेबारा तासांनी चढणारी भरती तिच्या गावीही नसते. उधाणाने खाडी फुगली, की कामवारी नदीचे पाणी मुखाशी तुंबते आणि फुगवटा भिवंडीकडे मागे सरकतो. शिवाय ठाण्याजवळ उल्हासचे पाणी वसईच्या आणि ठाण्याच्या खाडीत विभागते, आणि कोणाच्या वाट्याला किती, हे तेथील पातळ्या घटकेघटकेला ठरवितात. अशा जाळ्यासाठी फ्रेंच अभियंते सॅं-व्हेनां यांची 1871 ची प्रवाहाची संपूर्ण समीकरणे सोडवावी लागतात, आणि प्रत्येक संगमावर आवक-जावकीचा मेळ घालून तिन्ही पात्रांची पातळी एकच धरावी लागते.

संगणक हे काम सहज उरकतो. अडते ते मोजणीपाशी. ज्या खाचरांत पूर पसरून विसावत असे, ती भरावाखाली गेली, की जुन्या पुरांवरून बसविलेले आकडे गैरलागू होतात, आणि पात्राचे व काठाचे छेद नव्याने घेतल्यावाचून वळच्या गोदामांत पाणी किती वाजता शिरेल, याचे उत्तर कोणत्याही समीकरणातून निघत नाही.